माझ्या पोटातला जेलाटो

ताईंचे पत्र आले तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होतो आणि माझ्या पोटात बटाटे होते.

आजींचे हात पिठात होते, म्हणून आजोबांनी खिडकीपाशी उभे राहून पत्र मोठ्याने वाचले. ताई म्हणजे आजोबांची थोरली बहीण. त्या फार दूरच्या गावी राहतात आणि त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळे फोनचा उपयोग नाही. जे काही बोलायचे ते कागदावर.

"माझे कान गेले, दात गेले, गुडघे जायच्या बेतात आहेत," असे त्यांनी लिहिले होते. "जीभ तेवढी शाबूत आहे. आपला जेलाटो एकदा खावासा वाटतो. महिनाअखेर मुलगा मला तुझ्याकडे आणून सोडायला तयार आहे. पुढे त्याची बदली होणार, मग मला कोण आणतंय? करशील ना जेलाटो? हो म्हणालास तर निघते. नुसत्या गप्पांसाठी एवढा प्रवास नको रे बाबा, मला ऐकू कुठे येतंय!"

आजी हसल्या. आजोबा हसले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली, ती चष्म्याच्या डबीत ठेवली आणि उत्तर लिहिलेच नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बटाट्याच्या पिंपाला या पत्राशी काय देणेघेणे? म्हणून आधी माझी ओळख करून देतो. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही आणि नीट सांगता येईल की नाही अशी धाकधूकही आहे. मी एक जुना लाकडी पॉट आहे. आइस्क्रीमचा पॉट म्हणतात तो. पण खरे सांगायचे तर आइस्क्रीम माझ्यात फारसे कधी झाले नाही. माझ्यात झाला तो जेलाटो, म्हणजे इटलीतल्या रीतीचे, दाट आणि मऊ, गोठवलेले दूध.

पिंपे बनवणाऱ्या एका सुताराने मला घडवले. माझ्या अंगाच्या फळ्यांना एकही खिळा नाही. त्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि बाहेरून त्यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळले आहे. पाणी प्यायल्या की त्या फुगतात आणि अशा घट्ट मिटतात की थेंब बाहेर येत नाही. मध्ये एक उंच, गोल डबा बसतो, त्याला आतून कल्हई आहे. डब्यात लाकडी पाती, डब्यावर झाकण, झाकणावर दातेरी चाके आणि बाजूला हँडल. वरच्या अंगाला मला एक भोक ठेवले आहे. सुताराच्या बायकोने ते पाहिले आणि विचारले, "चांगल्या पिंपाला भोक कशाला पाडलंत?" सुतार म्हणाला, "याच्या पोटात समुद्र होणार आहे. तो वर चढला तर वाट नको का त्याला?"

मला तेव्हा वाटले, सुतार थट्टा करतो आहे. माझ्यासारख्याच्या पोटात समुद्र कसा होईल?

आजोबा शाळेत होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला विकत आणले. त्या वेळी त्यांच्या घराखालच्या खोलीत जहाजावरचा एक निवृत्त आचारी राहत असे. त्याचे जहाज कधीकाळी इटलीच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडले होते. तेवढ्या मुदतीत त्याने तिथल्या एका म्हातारीच्या दुकानात भांडी घासली आणि जेलाटो शिकून घेतला. ताईंना आणि आजोबांना त्यानेच शिकवले.

"साय थोडी, दूध जास्त," तो सांगे. "साखर घाला, मक्याचं पीठ गार दुधात कालवून घाला, लिंबाच्या सालीची एक पातळ फीत सोडा. पांढरा भाग नको, कडू होतो. मंद आचेवर ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढायची. रेघ मोडली नाही की झालं. मग साल काढा आणि पूर्ण गार करा. पूर्ण म्हणजे पूर्ण! कोमट दूध पॉटात घातलंत तर मी ही खालची खोली सोडून दुसरीकडे राहायला जाईन."

गार झालेले दूध डब्यात गेले, पण डबा काठोकाठ भरला नाही. माझ्या आणि डब्याच्या मधल्या जागेत फोडलेला बर्फ आला, त्यावर जाडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. आणि तेव्हा जे झाले ते आज इतक्या वर्षांनीही मला उमगलेले नाही.

मिठाने बर्फ वितळू लागला. वितळला म्हणजे ऊब आली असे तुम्हाला वाटेल, मलाही वाटले. पण जसजसा बर्फ वितळत गेला तसतसा गारठा वाढत गेला! नुसत्या बर्फाच्या अंगी नसते अशी थंडी माझ्या फळ्याफळ्यांतून शिरली. बाहेर माझ्या अंगावर पांढरी लव उगवली. पोटात खारे पाणी हिंदकळत होते, त्यात बर्फाचे खडक एकमेकांवर आपटत होते. सुताराने थट्टा केली नव्हती. आणि त्या खाऱ्या, गोठवणाऱ्या समुद्राच्या मधोमध, एका पातळ पत्र्याच्या आड, दूध फिरता फिरता दूध असायचे थांबत होते. आधी हँडल हलके होते. मग कुणीतरी आतून हात धरावा तसे ते जड होत गेले.

"घाई नाही," आचारी म्हणाला. "आइस्क्रीमवाला भराभर फिरवतो, त्यात वारा भरतो आणि वारा विकतो. आपल्याला वारा नको. हळू."

"हळू म्हणजे किती हळू?" ताईंनी विचारले.

"म्हातारी झोपाळ्यावर झोके घेते तितकं."

हँडल फिरवायच्या ताई. आजोबा लहानपणापासून पुस्तकात डोके घालून बसणारे, त्यांना कोण काम सांगणार? पण ताईंना फिरवता फिरवता कंटाळा येई. "तू वाच रे मोठ्यानं, तेवढीच करमणूक," असे त्या म्हणत. घरात त्या वेळी एका ज्ञानकोशाचा एकच खंड होता, 'क' पासून 'ग' पर्यंतचा. तोच पुन्हा पुन्हा वाचला जाई. त्यामुळे ताईंना कासवाविषयी सगळे ठाऊक होते आणि हत्तीविषयी काहीच नाही. बर्फावर मीठ टाकले की गारठा का वाढतो, हेही कोशात कुठेतरी असणारच. पण 'ब' आणि 'म' आमच्या खंडात नव्हते.

झाकण उघडले की आधी वाफेसारखे धुके वर येई आणि मग सगळ्यांच्या माना पुढे येत. शेजारपाजारचे लोक वाट्या घेऊन जिन्यात बसत. "अगदी रेशीम!" असे एकदा एक बाई म्हणाल्या, आणि मी सुताराच्या हातून सुटल्यापासून प्रथमच थोडा ताठ उभा राहिलो. माझे काय होते त्यात? पण स्तुती अंगावर पडली की लाकडालाही बरे वाटते.

पुढे ताईंचे लग्न झाले, त्या दूर गेल्या. आजोबांनी मला कधी हात लावला नाही. घर बदलले तेव्हा मी सामानाबरोबर आलो खरा, पण आधी माझ्यात छत्र्या राहिल्या, मग जुनी वर्तमानपत्रे, मग बटाटे. आजींना दोष देत नाही, बटाट्यांना उजेड नको असतो आणि माझ्यात उजेड नव्हता. डबा आणि हँडल एका गोणपाटात बांधून माझ्याच शेजारी ठेवले होते. माझ्या फळ्या सुकल्या. एकमेकींपासून सुटल्या. एका फटीतून मला खालचे स्वयंपाकघर दिसू लागले, तेवढाच फायदा.

त्या फटीतूनच मी हे सगळे पाहिले.

टपालवाला रोज खिडकीत येई आणि रोज विचारी, "आजोबा, काही न्यायचंय का? ताईबाईंना उत्तर?" हा टपालवाला बोलू लागला की थांबत नसे. "आमच्याकडे बैलगाडीच्या वेगानं टपाल जातं असं लोक म्हणतात, पण तुम्ही तर बैलच जुंपत नाही!"

"लिहितो, लिहितो," असे आजोबा म्हणत.

एका सकाळी आजींनी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "अहो, महिना निम्मा सरला. त्यांचा मुलगा एकदा गेला की गेला. नंतर ताईंना कोण आणणार आहे? तुम्ही?"

"तिला काय लिहू?" आजोबा म्हणाले. "अगं, जेलाटो ती करायची. मी काय केलं कधी? मी बाजूला बसून वाचायचो. लोक मात्र म्हणायचे, भावंडांनी छान केला. मला लाज वाटायची. आता हो म्हणून लिहू, ती एवढ्या लांबून गुडघे ओढत येणार, आणि मी तिच्यापुढे काय ठेवू?"

"मग येऊ नका म्हणून लिहा."

तेही आजोबांना लिहिता येत नव्हते.

आजींनी स्टूल ओढले, वर चढून मला खाली घेतले आणि बटाटे परातीत ओतले. "करून बघू. नाही जमला तर बटाटे परत भरू. पॉटाला काय फरक पडतो?"

मला फार फरक पडत होता मित्रांनो, पण मला विचारतो कोण!

पहिल्या दिवशी माझीच फजिती झाली. त्यांनी बर्फ भरला आणि मी सगळीकडून गळलो. स्वयंपाकघरभर खारे पाणी झाले. आजोबा पुस्तकांच्या कपाटाकडे धावले, खालच्या फळीवरची पुस्तके वर उचलू लागले. मी शरमेने आणखी गळलो. दुसऱ्या कोणी मला चुलीत घातले असते. पण आजींनी मला मोरीत नेऊन पाण्याने भरले आणि तसेच राहू दिले. गळले की पुन्हा भरले. हळूहळू, कधी ते कळलेही नाही, माझ्या फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि इतक्या वर्षांनी मी अंगाने मिटलो. पाणी माझ्यात उभे राहिले. सुताराचे हात अजून माझ्या अंगात होते, हे मला माहीतच नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी गळलो नाही. दूध छान आटले होते, रेघ मोडली नव्हती. आजोबांनी हँडल धरले. पण मित्रांनो, त्यांच्या हातात धीर नव्हता. भराभर फिरवत आणि थांबत. थांबत आणि झाकण उघडत.

"होतंय का बघू," ते म्हणत.

"आत्ताच बघितलंत ना?"

"मघाशी पातळ होतं."

"मघाशी म्हणजे हातही धुऊन झाला नाही माझा!"

झाकण उघडले की बाहेरची ऊब आत शिरे. झाकणाच्या कडेवर साचलेले खारे पाणी टपकन डब्यात पडे. मला ओरडावेसे वाटत होते, पण माझ्या चाकांना फक्त करकरता येते. शेवटी जे निघाले त्यात बर्फाचे कण दाताखाली येत होते. टपालवाल्याला वाटी दिली. त्याने एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "आजोबा, समुद्रावर गेल्यासारखं वाटलं. पोहताना पाणी नाकातोंडात जातं ना, अगदी तसं."

आजोबांनी वाटी परत घेतली. "बघितलंस?" ते आजींना म्हणाले. "आज लिहितोच ताईला. येऊ नकोस म्हणून."

"लिहा," आजी म्हणाल्या. "पण दूध उरलंय. मी ते आटवून गार करायला ठेवते. उद्या ते एवढं फिरवा आणि मग हवं ते लिहा. दूध वाया घालवलेलं मला आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा भरलो. बर्फ, मीठ, बर्फ, मीठ. आजोबा समोर स्टुलावर बसले. त्यांचा हात हँडलऐवजी झाकणाकडेच जात होता. ते पाहून आजी आत गेल्या आणि घोंगडी घेऊन आल्या. तिच्या घड्या घालून त्यांनी ती माझ्या माथ्यावर ठेवली, आणि मला काही कळायच्या आत त्या सरळ माझ्यावर बसल्या.

"अगं, हे काय?"

"आता उघडा झाकण!"

"पडशील!"

"तुम्ही फिरवा हळू, म्हणजे नाही पडणार. आणि हे घ्या." त्यांनी काखेतून एक जाडजूड पुस्तक काढले आणि आजोबांच्या बाजूला तोंड करून मांडीवर उघडले. 'क' ते 'ग'. कडा उंदरांनी कुरतडलेल्या. "वाचा. हातात पुस्तक असलं की तुम्हाला जगाचं भान नसतं. मला आज तुमचं भान नकोच आहे."

"काय वाचू?"

"वाट्टेल ते. कासव वाचा."

आजोबांनी घसा खाकरला आणि वाचू लागले. आधी शब्द अडखळत होते. कासवाची पाठ, कासवाची अंडी, कासवाचे आयुष्य. आवाज हळूहळू स्थिरावला. आणि मित्रांनो, तेव्हा मला माझ्या हँडलातून एक जुनी गोष्ट जाणवली. हाताला आवाज सापडला होता. वाक्य चढले की हँडल चढत होते, वाक्य उतरले की उतरत होते, स्वल्पविरामाशी जरासे रेंगाळून पुढे जात होते. असेच ताई फिरवायच्या! त्यांना कुणी सांगितले नव्हते, कळलेही नसेल, पण त्यांचा हात धाकट्या भावाच्या वाचण्याबरोबर चालायचा. ते रेशीम एकट्या हाताचे नव्हते.

आजोबा कासवावरून खगोलाकडे गेले, खगोलावरून ग्रहांकडे. कोशात लिहिले होते की ग्रह अफाट थंडीत, अंधारात, आवाज न करता फिरत राहतात. माझ्या पोटात तो डबा फिरत होता. बाहेर मीठ बर्फाला वितळवत होते, आत दूध घट्ट होत होते. लाकूड, मीठ, पत्रा आणि एका म्हाताऱ्याचा आवाज. एवढ्यावर हे चालले होते, आणि कसे चालले होते ते मला आजही सांगता येणार नाही.

"अहो," आजी मध्येच म्हणाल्या, "ग्रहांवर थंडी असेल, पण इथेही काही कमी नाही. घोंगडी भेदून येतेय."

"मध्येच थांबवता येत नाही."

"थांबवू नकाच. मी आपलं सांगून ठेवलं."

हँडल जड झाले. आणखी जड झाले. आजोबांनी वाक्य पुरे केले, मग हात थांबवला, आणि पुस्तकावरून मान वर केली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले, "मी वाचायचो ना... ताई त्याच्या तालावर फिरवायची."

"मग? मला वाटलं, ठाऊक असेल तुम्हाला," आजी उतरत म्हणाल्या. "मला एक हात द्या आधी. पाय बधिर झालेत."

पाती काढली, झाकण लावले, गोणपाटाखाली मला थोडा वेळ निजू दिले. मग झाकण उघडले. धुके वर आले आणि खाली ते होते: पांढरे, गुळगुळीत, चमचा लावताच वाकणारे. आजोबांनी खाल्ले. आजींनी खाल्ले. टपालवाला खिडकीत आला, त्याच्या हातात वाटी दिली. त्याने चमचा तोंडात घातला आणि, मित्रांनो, तो टपालवाला गप्प झाला! वाटी रिकामी झाली तरी तसाच उभा होता. मग टोपी सारखी करून न बोलताच पुढच्या घराकडे गेला. एवढी मोठी स्तुती मी आजवर ऐकलेली नाही.

आता तुम्हाला एक मागणे आहे. मागायला संकोच वाटतो, पण माझ्यासारखे पुष्कळ जण तुमच्या घरच्या माळ्यांवर असतील, त्यांच्या वतीने मागतो. आम्हाला वापरा. वापरल्यावर मीठ धुऊन टाका, ते लोखंडी पट्ट्या खाते. उन्हात वाळवू नका, सावलीत ठेवा. सुकून गेलो असलो तर लगेच फेकू नका, आधी थोडे पाणी पाजून पाहा. आणि आत काहीतरी आकार घेत असेल तेव्हा सारखे डोकावू नका. आमच्या आतही, आणि माणसांच्या आतही. तेवढा धीर धरा.

आजींनी मला धुतले आणि निथळायला खिडकीच्या कट्ट्यावर उपडे ठेवले. आजोबा टेबलाशी लिहायला बसले. लवकरच उठले.

"वाचून दाखवा," आजी म्हणाल्या.

"'ताई, ये. जेलाटो होतो. तू फिरव, मी वाचेन. तुला ऐकू आलं नाही तरी हरकत नाही, माझे ओठ बघ.'"

"एवढंच?"

"जास्त लिहिलं तर खोडत बसेन."

त्यांनी पाकीट चिकटवले, तिकीट लावले, चपला घातल्या. टपालपेटी आमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. आजोबा रस्ता ओलांडून गेले. पेटीपाशी थांबले. पाकीट उलटून पत्ता वाचला, पुन्हा वाचला. हात पेटीच्या तोंडाशी नेला आणि तसाच ठेवला. मागे स्वयंपाकघरात आजींचा हात पातेल्यावर थांबला होता. एवढ्याशा कागदावरून एक म्हातारी बहीण तिकडे दूर आपले सामान बांधायला घेणार होती, याचे मला नवल वाटत होते.

मग आजोबांनी हात मागे घेतला. हात रिकामा होता.